पुढचं कडवं

त्या गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच गुणगुणायला लागाल आणि मग आपलं जमणार नाही. आजवर ज्याच्या ज्याच्यासमोर विषय निघाला, त्यानं मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून "आहाहा, काय गाणं होतं!" असंच म्हटलंय. माझ्या दातांच्या डॉक्टरनं म्हटलं, तेही माझ्या तोंडात हत्यार असताना. दादरच्या फुलबाजारातल्या शेवंतीवालीनं म्हटलं. सिनेमातलं गाणं नाही ते. नव्वदनंतर नुसत्या गाण्यांच्या कॅसेट निघायच्या, त्यातलं एक. एक मुलगा, एक मुलगी, मुलीची गॅलरी, आणि बाकी सगळे उसासे. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, कॅसेट गेल्या, त्या वाजवणारे टेप भंगारात गेले. हे मेलं जागच्या जागी आहे.

आता ते आमच्या लिफ्टमध्ये आहे.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या इमारती एकेक करून पाडल्या, आवाराच्या एका कडेला टॉवर झाला, त्यात आम्हांला वरच्या मजल्यावर घर मिळालं. घर छान आहे. वारा येतो, वेगळं स्वयंपाकघर आहे, दार लावलं की आपण आपले. पण लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की छतातून ते गाणं झिरपायला लागतं. शब्द नाहीत, नुसती बासरी, तीही पाकात घोळवून काढलेली. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी तीनतीनदा सांगितलं, अरे बाबा, भजन लाव, बातम्या लाव, नाहीतर काहीच लावू नको. तर म्हणतो, "काकी, सगळ्यांना आवडतं ओ ते. सीनियर सिटिझन लोकांना तर खास." म्हणजे मी कोण, हे त्यानं मला तोंडावर सांगितलं.

लिफ्टमध्ये नव्या रंगाचा आणि लिंबाच्या फिनाईलचा वास असतो. दार बंद होतं, बासरी सुरू होते, आणि काय होतं कोण जाणे, मला लालबागच्या मिरच्यांचा ठसका लागतो.

त्याला कारण आहे. लालबागला मसाले कुटायच्या गिरण्यांची रांग आहे, तिथं एका गाळ्यात तेव्हा कॅसेट भरून देणारा बसायचा. तुम्ही गाण्यांची नावं सांगायची, तो कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचा. एप्रिलमध्ये सगळ्या परळ-लालबागच्या बाया वर्षाचा मसाला करायला तिथं जमायच्या. आई मला बरोबर न्यायची. भाजलेल्या धण्यांचा वास, दगडफुलाचा वास, डोक्याला ओले पंचे बांधलेले कुटणारे, आणि सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. त्या धुरळ्यात तो कॅसेटवाला शांतपणे बसलेला असायचा. त्याच्याकडच्या प्रत्येक कॅसेटला तिखटाचा वास यायचा. डबी उघडली की पहिल्यांदा शिंक, मग गाणं.

आमच्या चाळीच्या बेंजो पार्टीनं हे गाणं तिथूनच भरून आणलं होतं.

बेंजो पार्टी म्हणजे काय, हे आता नव्या टॉवरमधल्या मुलांना सांगावं लागतं. एक हातगाडी, तिच्यावर बॅटरी आणि कर्णे, पुढं ढोल, ताशा, खुळखुळा, आणि मधोमध गळ्यात बेंजो अडकवलेला एकजण. बेंजो म्हणजे तारांची लांबट पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडायच्या. एप्रिलात जयंतीची मिरवणूक, भाद्रपदात गणपती, आणि एरवी सगळा हंगाम हळदीचा. गिरणगावात लग्न कसंही होवो, हॉलमध्ये होवो की कोर्टात, आदल्या संध्याकाळी चाळीच्या चौकात हळद झाली पाहिजे आणि हळदीला बेंजो वाजला पाहिजे. नाहीतर त्या पोरीचं लग्न झालं असं कुणी धरत नसे.

आमच्या पार्टीत बेंजो वाजवायचा मोहन. समोरच्या इमारतीतला, छापखान्यात कामाला, नखांत कायम निळी शाई. ढोलावर बाळ्या, मागच्या इमारतीतला, तोंडानं फाटका आणि हातानं सोन्याचा. संध्याकाळी ते गच्चीवर तालमी करायचे. मी वाळत घातलेले कपडे काढायला जायची. कपडे आमचे दोनचारच असायचे, पण काढायला मला बराच वेळ लागायचा. आई खालून ओरडायची, "गो, कपडे काढतंस काय शिवतंस?"

गाणं मला तेव्हा आवडायचं. हे आता कबूल करायला हरकत नाही. पश्चिमेला गिरणीच्या चिमणीमागं सूर्य कलायचा, गच्चीचं डांबर दिवसभराचं तापलेलं असायचं, त्याचा वास, बाजूला कुणीतरी वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास, आणि त्यात ते सूर. दोन कडवी व्हायची. मग बेंजो एक लांब सूर घेऊन वर वर चढत जायचा, आता पुढं काहीतरी येणार असं वाटून माझा हात दोरीवर थांबायचा, आणि तिथंच बाळ्या धाडकन ढोलावर टिपरू हाणायचा. झालं. गाण्याचं नाचकाम सुरू.

एकदा मी वैतागून विचारलं, "तिथंच का रे तोडता दर वेळी? पुढं काय आहे?"

मोहन हसला. त्यानं टेप लावून दाखवला. दोन कडवी, तो चढणारा सूर, आणि सुराच्या टोकाला खट्ट. कॅसेटची बाजूच संपली होती. लालबागच्या त्या महाभागानं कॅसेट उरली तेवढीच भरली होती. आणि आमच्या शहाण्यांनी गाणं खट्टसकट बसवलं होतं. खट्ट वाजतं तिथं ढोल.

"म्हणजे पुढचं कडवं तुम्हांला माहीतच नाही?"

"शिकतोय ना," तो म्हणाला. "कुणाकडंतरी ओरिजिनल मिळंल. आलं की पहिल्यांदा तुला वाजवून दाखवीन. तुला एकटीला."

"मग तोवर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकणार नाही," मी म्हटलं.

वय असतं ते. माणूस काहीही बोलतो. पण मी एकदा बोलले की बोलले, हा माझा स्वभाव, आणि तिथून पुढचं सगळं आयुष्य त्यानं नासवलं.

कारण गाणं थांबेना. ते खट्टवालं गाणं आमच्या पार्टीकडून लालबागच्या पार्टीनं उचललं, त्यांच्याकडून वरळीच्या. बघता बघता सगळ्या गिरणगावाची समजूत झाली की गाणं तसंच आहे, दोन कडवी रडायचं आणि मग नाचायचं. प्रत्येक हळदीला तेच. चौकात तीन विटांवर मटणाचं पातेलं रटरटायचं, वड्यांचं पीठ आंबलेलं असायचं, पाटावर बसलेल्या पोरीच्या गालांवरून ओली हळद ओघळायची, आणि तो सूर वर चढायला लागला की सगळा चौक हात वर करून बाळ्याच्या टिपराकडं बघत उभा राहायचा. आजीबाया सुद्धा. टिपरू पडलं की धुरळा. कुणाला पुढचं कडवं नकोच होतं. मला हवं होतं, आणि मी पातेल्यापाशी कांदा कापत बसलेली असायची.

मोहनशी माझं लग्न झालं. तेव्हापासून मी त्यांना अहो म्हणायला लागले आणि तेव्हापासून ते मला थापा मारायला लागले. "अहो, कडवं?" "तार तुटलीय गं." "अहो, कडवं?" "आई झोपल्यात." मग मुलगा झाला, तो झोपलेला असे, आणि जागा असला की रडत असे. मग त्याची परीक्षा. मग शेजारी सुतक. एका खोलीत सासू, सासरे, दीर, आम्ही. खरं सांगायचं तर बेंजोची पेटी उघडायलाही जागा नसे, ती मोरीच्या वरच्या फळीवर असायची, तिच्यावर पापडांचा डबा. हळदीच्या दिवसांत ती खाली यायची. परत वर जाताना तिच्या बटणांच्या फटींत पिवळं साचलेलं असायचं. मी ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायची आणि काढता काढता चिडायची.

आणि मी आपली माझ्या बोलण्याला बांधलेली. टॅक्सीत ते गाणं लागलं की पहिली दोन कडवी ऐकून घ्यायची आणि सूर चढायला लागला की, "भाऊ, इथंच थांबवा." उन्हातान्हात कित्येकदा मी सिग्नलआधी उतरून चालत घरी आलेय. रेडिओ असेल तर बंद. लग्नाच्या हॉलमध्ये असेल तर मी हात धुवायला. परळच्या हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर नोकरीला होते. समोर रांग, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि दर दहातल्या एकाच्या फोनची रिंग हीच. "आधी ते बंद करा, मग पेशंटचं नाव सांगा," मी ओरडायची. लोक म्हणायचे, बाई खडूस आहे. असू दे. बाईनं काय धरून ठेवलंय ते त्यांना काय माहीत?

पोरं जन्मली, मोठी झाली, आणि त्यांनाही तेच आवडायला लागलं, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. गाण्यात आहे काय? शब्द तर पोस्टकार्डावरच्या शुभेच्छांइतकेच. चाल सरळ. गाणारा नाकात गातो. तरी त्याची मोडतोड करून नवी आवृत्ती निघते, ती जुनी होते, आणि मूळ मेलं आपलं तरुणच. आमची चाळ रिकामी व्हायला लागली, खोल्यांना टाळी लागली, मोरीवरची फळी निघाली, तेव्हा मला एक समाधान वाटलं होतं. म्हटलं, चला, चौक नाही म्हणजे हळद नाही, आणि हळद नाही म्हणजे हे पण नाही.

गेल्या महिन्यात श्वेता आली. श्वेता आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. आई कामावर गेली की ती माझ्याच मांडीवर असायची. तिचं लग्न ठरलं. ते मागच्या इमारतीतले, त्यांना नवं घर अजून मिळायचंय, म्हणून ते लोक अजून तिथंच राहतात. तेवढी एकच जुनी इमारत आता उभी आहे.

"काकी, हळद आपल्या चौकातच करायची," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात ही पण पाडतायत. आणि डीजे नको. काकांचा बेंजो पाहिजे. आणि ते गाणं तर पाहिजेच."

"बाई गं," मी म्हटलं, "दुसरं काही माग. अंगठी माग."

"काकी, प्लीज ना. चाळीतली लास्ट हळद आहे ती."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. उठले आणि माळ्यावरून पेटी काढली. ब्रश मीच आणून दिला, काय करणार.

चौकात गेलो तर ओळखू येईना. दोन बाजूंना पत्र्याचं कुंपण, मध्ये आमच्या पाडलेल्या इमारतीची मोकळी जागा, वर आकाशच आकाश. मागच्या इमारतीच्या बऱ्याच खिडक्यांची तावदानं काढून नेलेली. पण विटांवर पातेलं चढलं होतं, आंब्याची पानं बांधली होती, आणि कुठकुठून माणसं आली होती, कळव्याहून, विरारहून, रे रोडच्या संक्रमण शिबिरातून. पांढऱ्या केसांचा बाळ्या ढोल लावत बसला होता. ओल्या हळदीचा वास आला आणि मी पदरानं डोळे टिपायला लागले. लगेच कुणीतरी माझ्यासमोर कांद्याची परात सरकवली, म्हणून कुणाला कळलं नाही.

ऊन उतरायच्या सुमाराला ह्यांनी ते सुरू केलं. शिट्ट्या पडल्या. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग तो सूर चढायला लागला, आणि सगळ्यांनी हात वर केले. ह्या खेपेला हातांत फोन होते, एवढाच फरक. मी परातीतून मान वर केली. समोर श्वेता पाटावर, मागं ती बोडकी इमारत. आणि मला एकदम कळलं की हा चौक गेला की हे कुठं वाजवणार? टॉवरमध्ये? ढोल नाही, हळद नाही, पेटी परत माळ्यावर. आज नाही तर मला ते कडवं कधीच मिळणार नव्हतं.

मी उठले. हात कांद्याचे, तसेच जाऊन बाळ्याचं मनगट धरलं. टिपरू हवेतच राहिलं.

"ओ वहिनी!" बाळ्या ओरडला. "काय करताय? हात सोडा, बीट चुकतोय!"

"चुकू दे," मी म्हटलं. "हात खाली. सगळ्यांनी हात खाली. एवढी वर्षं नाचलात ना? आज जरा गप्प राहा." आणि ह्यांच्याकडं वळले. "वाजवा पुढचं."

हातगाडीवरच्या कर्ण्यांतून नुसती घरघर येत होती. ह्यांचा डावा हात बटणांवर तसाच होता.

"पुढं नाही," हे म्हणाले.

"नाही म्हणजे? शिकला नाहीत?"

"शिकलो की. कधीच शिकलो." ते माझ्याकडं न बघता बोलत होते, आणि मुंबईच्या कर्ण्याला गुपित कळत नाही, समोरच्या माइकमधून ते सगळ्या चौकाला ऐकू जात होतं. "पुढं वेगळं काही नाही गं. पुढं परत पहिलंच कडवं आहे. तेच्या तेच. मग हळूहळू बारीक होतं आणि संपतं."

"तुम्हांला कधी कळलं हे?"

"आपल्या बाळाच्या बारशाच्या आधी."

"आणि इतकी वर्षं मला थापा मारल्या?"

"तू टॅक्सीतनं उतरायचीस ना," हे म्हणाले. "भर उन्हात. घरी आलीस की पाय चेपत बसायचीस. माझ्या कडव्यासाठी. म्हटलं, हिला काय सांगू, की एवढंच आहे म्हणून?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, श्वेता तर हळदीच्या हातांनी तोंड झाकून. मला इतका संताप आला की काय सांगू. ह्यांचा, बाळ्याचा, त्या लालबागच्या कॅसेटवाल्याचा, माझ्या स्वतःच्या जिभेचा. अर्धं आयुष्य मी ज्याची वाट बघितली ते दर हळदीला माझ्या कानावरून गेलं होतं, शिट्ट्यांत, पातेल्यांच्या आवाजात. एकदासुद्धा मी ते धड ऐकलं नव्हतं, कारण मला पुढचं हवं होतं.

"मग वाजव की," मी म्हटलं. भर चौकात, सासरच्या माणसांसमोर, 'अहो'च्या जागी 'तू' निघून गेलं तोंडातून. "तेच असलं तर तेच वाजव. मला एकटीला म्हणाला होतास ना?"

मोहननं वाजवलं.

बाळ्याचं मनगट मी सोडलं नव्हतं. कुणी शिट्टी मारली नाही. पहिलं कडवं, तेच, सरळ चालीचं, पोस्टकार्डासारखं. पण त्या चढलेल्या सुरानंतर ते आलं तेव्हा वाटलं, माणूस फार लांब जाऊन आपल्याच दारात परत आलाय. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला, आणि दोन्ही कांद्यावर ढकलून मी उभी राहिले. शेवटी ह्यांनी तारा हलकं हलकं छेडत आवाज बारीक करत नेला. त्या तावदानं नसलेल्या खिडक्यांतून तो किती वेळ येत राहिला.

"वहिनी," बाळ्या हळूच म्हणाला, "आता मारू?"

"मार मेल्या," मी म्हटलं. मग काय धुरळा उडाला ते विचारू नका.

श्वेता सासरी गेली. ती इमारतही परवा पाडायला घेतली, वरून दिसते, पण मी खिडकीशी जात नाही. पेटी माळ्यावर ठेवायला मी दिली नाही, ती हॉलमध्ये टीव्हीखाली आहे. बटणांतली हळद ह्या वेळी मी काढली नाही.

काल आम्ही दोघं भाजी घेऊन लिफ्टमध्ये चढलो. बासरी सुरू झाली. एक कडवं, दुसरं कडवं, मग ती पाकातली बासरी वर चढायला लागली, आणि आमचा मजला आला. दार उघडलं. ह्यांनी पिशव्या उचलल्या.

"चल," हे म्हणाले. "काय झालं?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "संपू दे."

"अगं, तेच तर आहे पुढं."

"माहितीय मला काय आहे ते. थांबा म्हटलं ना?"

त्यांनी पिशव्या परत खाली ठेवल्या. दार बंद झालं. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली होती, ती आम्हांला घेऊन खाली निघाली.